परदेशी तेल आणि वाळूतील तेल

(शताब्दी महोत्सवानिमित्त ग्रंथालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर खनिज तेलासारखा विषय का घ्यावा, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहिला असेल. सुरतेत विजेची कंपनी निघाली ती १९२० साली. तिच्या तारा घरोघर पोहोचायला पुढे बराच काळ जावा लागला. शंभर वर्षांपूर्वी या शहरातील वाचक घरी नेलेले पुस्तक उघडत असे, ते बहुधा कंदिलाच्या उजेडात. त्या कंदिलातील रॉकेल कुठले होते? ते कधी अमेरिकेचे, कधी रशियाच्या बाकूचे, तर कधी ब्रह्मदेशाचे होते. म्हणजे पुस्तक मराठी, वाचक सुरतेचा, परंतु वाचण्यापुरता उजेड परक्या भूमीतून आलेला. 'रॉकेल' हा शब्दच मुळी 'रॉक ऑइल' या इंग्रजी नावाचा मराठी अवतार होय. तेलाच्या बाबतीतले परावलंबन आज-कालचे नाही, ते या ग्रंथालयाहूनही जुने आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आज कंदील गेला, परंतु तेलावरची भिस्त शतपटीने वाढली. सुरतेपुरते बोलायचे तर हे शहर तेलावर नुसते चालत नाही, ते तेलच विणते. एके काळी रेशीम आणि जर यांसाठी नावाजलेल्या या नगरीचे माग आज प्रामुख्याने पॉलिएस्टरच्या धाग्यावर चालतात. पॉलिएस्टर हा खनिज तेलाचाच वंशज आहे. तेलाच्या शुद्धीकरणात नॅफ्था मिळतो, नॅफ्थ्यापासून पॅराझायलिन, त्यापासून टेरेफ्थॅलिक आम्ल, आणि त्याचा ग्लायकॉलशी संयोग झाला की पॉलिएस्टर. ही रसायने आणि हा धागा तापीच्या मुखाशी हजिऱ्यातही तयार होतो. त्यामुळे रिंग रोडवरच्या बाजारात घडी घातलेली साडी ही एका अर्थाने तेलाच्या पिंपाचाच अंश असते. आखातात तोफ धडाडली की उधना-पांडेसऱ्यात धाग्याचा भाव हलतो आणि माग चालवणाऱ्या कामगाराच्या, त्यात खानदेशातून पोटासाठी आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या, मिळकतीवर त्याचा परिणाम होतो. म्हणून हा विषय केवळ अर्थशास्त्रज्ञांचा नव्हे.

परावलंबनाचे मान किती, तेही पाहिले पाहिजे. २०२४-२५ या वर्षी भारताने सुमारे २४ कोटी टन कच्चे तेल आयात केले. देशात निघालेले तेल तीन कोटी टनांहूनही कमी होते. २०११-१२ मध्ये हेच देशी उत्पादन सुमारे ३.८ कोटी टन होते. म्हणजे गरज वाढत गेली आणि घरची विहीर आटत गेली. मार्च २०१५ मध्ये दिल्लीच्या 'ऊर्जा संगम' परिषदेत २०२२ पर्यंत तेलाची आयात दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. त्या वेळी परदेशी तेलाचे प्रमाण सुमारे ७७ टक्के होते. ते ६७ वर यायचे होते. प्रत्यक्षात ते २०२४-२५ मध्ये ८८ टक्क्यांवर गेले. कुणा एका सरकारला दोष देऊन हा प्रश्न निकालात काढता येणार नाही, इतका तो खोल आहे.

या परावलंबनाची किंमत देशाने दोनदा फार कठोरपणे मोजली. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासहून बारा डॉलरच्या घरात गेला. दुसरा प्रसंग १९९०-९१ चा. इराकने कुवेत गिळंकृत केले, तेल भडकले, आखातातील भारतीयांकडून येणारा पैसा रोडावला आणि परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीही उरली नाही. त्या वर्षी मे महिन्यात वीस टन सोने परत विकत घेण्याच्या अटीवर विकावे लागले आणि जुलैत ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले. घरातले सोने गहाण पडणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. देशावर ती वेळ येण्याच्या कारणांत तेल हे एक मोठे कारण होते.

परंतु या कथेला अभिमानाची बाजूही आहे, आणि ती सुरतेच्या उंबरठ्यावरच घडली. स्वातंत्र्यानंतर बड्या पाश्चात्त्य तेल कंपन्यांना या देशात नवे तेल शोधण्याची फारशी उत्सुकता नव्हती. आणलेले तेल विकण्यात त्यांचा व्यवहार उत्तम चालला होता. केशव देव मालवीय यांनी हे चित्र बदलण्याचा ध्यास घेतला. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजचे ओएनजीसी, स्थापन झाला. सोव्हिएत आणि रुमानियन तज्ज्ञांचे साहाय्य घेऊन खंबायतजवळ लुणेज येथे १९५८ मध्ये तेल व वायू मिळाले. १९६० मध्ये नर्मदेच्या दक्षिणेस, सुरतेपासून आगगाडीने जेमतेम तासाभराच्या अंतरावर, अंकलेश्वरला तेल लागले. पंडित नेहरूंनी तेथील पहिल्या विहिरीला 'वसुधारा' हे नाव दिले. पुढे १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबई हायचे तेल शोधले आणि १९७६ मध्ये ते निघू लागले.

मुंबई हाय आणि दक्षिण वसई या क्षेत्रांतला वायू समुद्राखालच्या नळाने सुरतेच्या किनाऱ्याला आला. या वायूत हायड्रोजन सल्फाइडचा विषारी अंश असतो. तो काढून टाकण्याचा प्रचंड प्रकल्प हजिऱ्यात १९८५ मध्ये सुरू झाला. तेथून निघालेल्या हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील खत कारखाने व वीज केंद्रे पेटवली. हजिऱ्यात कृभकोचा खत कारखाना आला, पोलाद आले, कवासचे वीज केंद्र आले. सुरतेच्या घरांत नळाचा गॅस आला. हे सारे आपल्या समुद्रातल्या वायूवर. परंतु २००५ मध्ये त्याच हजिऱ्यात दुसरी एक वास्तू उभी राहिली, ती म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवून घेण्याचा धक्का. आता परदेशी वायू उणे १६० अंशांपर्यंत गोठवून जहाजांतून येतो आणि त्याच किनाऱ्यावर उतरतो. वीस वर्षांच्या अंतराने बांधलेल्या या दोन वास्तू, एक स्वदेशी वायूची आणि एक परदेशी, शेजारी शेजारी उभ्या आहेत. देशात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा वायू आता बाहेरून येतो.

येथेच प्रस्तुत विषयाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. सहज वाहणारे तेल आटत असेल, तर कष्टाने निघणारे तेल काढावे काय? पारंपरिक तेल म्हणजे विहीर खोदली की भूगर्भातील दाबाने किंवा पंपाने वर येणारे तेल. जे खडकाच्या कणाकणांत अडकून पडले आहे, जे डांबरासारखे घट्ट आहे, किंवा जे कोळशापासून वा पिकापासून बनवावे लागते, ते अपारंपरिक तेल. भर्तृहरीच्या नीतिशतकात वाळूतून तेल काढण्याचा दृष्टान्त आहे. वामन पंडितांच्या समश्लोकीमुळे तो मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाला. कवीच्या लेखी ती अशक्यप्राय गोष्ट होती. विसाव्या शतकाने ती शक्य करून दाखवली. परंतु शक्य असणे निराळे आणि परवडणे निराळे.

हा भेद जुन्या तेल्याला चांगला ठाऊक होता. घाण्याला जुंपलेला बैल जेवढ्याची पेंड खातो त्याहून अधिक मोलाचे तेल निघाले, तरच घाणा चालतो. कोणत्याही अपारंपरिक तेलाला म्हणून चार प्रश्न विचारावेत. ते काढायला जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्या किती पट ऊर्जा हाती येते? पाणी व जमीन किती लागते? तेलाचा भाव पडला तर प्रकल्प तग धरतो काय? आणि देशाच्या गरजेच्या मानाने त्याचे प्रमाण किती?

प्रथम परदेशांचा अनुभव पाहू. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या खोऱ्यात डांबर माखलेली वाळू मैलोगणती पसरली आहे. १९६७ पासून तेथे व्यापारी उत्पादन चालू आहे. एक पिंप तेलासाठी सुमारे दोन टन वाळू उपसावी लागते. खोलवरच्या वाळूत तर नैसर्गिक वायू जाळून केलेली वाफ सोडावी लागते. म्हणजे भर्तृहरीची वाळू खरोखरच तेल देते, परंतु बैल फार खातो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात दगडात घट्ट बसलेले सेंद्रिय द्रव्य तापवून तेल काढण्याचा 'कॉलनी' प्रकल्प एक्झॉन कंपनीने भाव चढे असताना हाती घेतला आणि भाव उतरू लागताच २ मे १९८२ रोजी एका दिवसात बंद केला. हजारो माणसे रातोरात बेकार झाली. दक्षिण आफ्रिकेत ससोल कंपनी १९५५ पासून कोळशाचे तेल करीत आली. वर्णद्वेषी राजवटीवर तेलबंदी असल्यामुळे तेथे खर्चाचा विचार दुय्यम ठरला. युद्धकाळातील जर्मनीनेही हेच केले होते. ज्या देशांना दुसरा मार्गच उरला नव्हता, प्रामुख्याने त्यांनीच कोळशाचे तेल मोठ्या प्रमाणावर केले, हा इतिहास बोलका आहे.

या सर्वांना अपवाद ठरली ती अमेरिकेतील शेल क्रांती. शेल हा चिकणमातीचा दाबून झालेला, थराथरांचा खडक. तेल व वायू बहुधा त्यातच जन्मतात. पुढे थोडा अंश वरच्या सच्छिद्र वाळूखडकात झिरपतो आणि तो पारंपरिक विहिरींना मिळतो. जॉर्ज मिचेल या उद्योजकाने टेक्सासमध्ये कित्येक वर्षे प्रयोग करून या खडकाला दाबाच्या पाण्याने तडे पाडण्याची रीत बसवली. तिला आडव्या विहिरीची जोड मिळाली, आणि २००८ मध्ये दिवसाला सुमारे पन्नास लाख पिंपे असलेले अमेरिकेचे तेल उत्पादन २०२३ पर्यंत एक कोटी तीस लाख पिंपांच्या आसपास गेले. परावलंबी समजला जाणारा देश निर्यातदार झाला.

साहजिकच भारतातही आशा पालवली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने भारतातील शेलमध्ये ९६ लक्ष कोटी घनफूट वायू तंत्रदृष्ट्या काढण्याजोगा असल्याचा अंदाज वर्तवला. त्याच वर्षी सरकारने शेलविषयक धोरण जाहीर केले आणि ओएनजीसीने भरूच जिल्ह्यात जंबुसर येथे शेलसाठी विहीर खोदण्यास घेतली. अंकलेश्वरचे तेल ज्या खडकात जन्मले, तो 'खंबायत शेल' येथे जमिनीखाली आहेच. पुढे आणखीही विहिरी झाल्या, परंतु व्यापारी उत्पादन उभे राहिले नाही. याची कारणे समजून घेतली पाहिजेत. अमेरिकेतील शेल विस्तीर्ण व सलग थरांत आहे. खंबायतच्या खोऱ्यात तो भ्रंशांनी तुटलेला आहे. तेथे जमिनीखालचे खनिज बहुधा जमीनमालकाचे असते, म्हणून शेतकरी स्वतः कंपनीला बोलावतो. येथे खनिज शासनाचे आणि त्रास मात्र शेतकऱ्याचा. एका विहिरीला तडे पाडण्यासाठी एक-दोन कोटी लिटर पाणी लागणे ही सामान्य गोष्ट आहे. शिवाय अशा विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते, त्यामुळे अखंड नव्या विहिरी खोदाव्या लागतात. टेक्साससारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशात हे चालते. केळी-कापसाच्या शेतांनी भरलेल्या भरूचमध्ये ते चालवणे फार कठीण आहे.

याहूनही जवळचे उदाहरण खुद्द सुरत जिल्ह्यातले आहे. मांगरोळ तालुक्यात वस्तान येथे लिग्नाइटची, म्हणजे कोवळ्या तपकिरी कोळशाची, उघडी खाण आहे. तिचा कोळसा नानी नरोलीच्या वीज केंद्रात जळतो. जगभरच्या वैज्ञानिकांना मात्र ही खाण निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. पाच कोटी वर्षांपूर्वीची वटवाघळे, 'कँबेथेरियम' नावाचा घोडा-गेंड्यांच्या पूर्वजकुळाशी नाते सांगणारा प्राणी आणि राळेत अडकलेले कीटक यांचे जीवाश्म तेथे मिळाले. ज्या दलदलीत हे प्राणी वावरले तिचाच पुढे कोळसा झाला, आणि हा कोळसा ज्या थरांत आहे तो खंबायत शेलच. अंकलेश्वरचे तेल आणि वस्तानचा कोळसा ही एकाच मातेची लेकरे होत.

हा कोळसा न खणता जमिनीतच अर्धवट जाळून त्याचा वायू वर आणण्याची योजना ओएनजीसीने आखली. त्यासाठी २००४ मध्ये मॉस्कोच्या स्कोचिन्स्की खाणकाम संस्थेशी करार झाला. सोव्हिएत राजवटीत विकसित झालेले हे तंत्र उझबेकिस्तानातील आंग्रेन येथे १९६१ पासून वापरात होते. वस्तानची निवड झाली, आराखडे झाले, २०१० मध्ये पर्यावरणाची मंजुरीही मिळाली. परंतु कोळशाच्या त्या क्षेत्राचे वाटप कोणाच्या नावे व्हावे, हा प्रश्न खात्याखात्यांत रेंगाळत राहिला आणि प्रयोग प्रत्यक्षात उतरलाच नाही. पुढे २०२४ मध्ये झारखंडात कास्ता येथे असा प्रयोग सुरू झाला, तेव्हा तो देशातील पहिला म्हणून गौरवला गेला. तो मान सुरत जिल्ह्याचा होऊ शकला असता. या पद्धतीत भूजल दूषित होण्याचा धोका आहे आणि वस्तानला ती यशस्वी झालीच असती असे म्हणता येणार नाही. परंतु प्रयोग फसणे आणि प्रयोगच न होणे यांत अंतर आहे. फसलेला प्रयोग निदान काही शिकवतो. कागदावर राहिलेला प्रयोग काहीच शिकवत नाही.

मग गुजरातच्या भूमीत असे एकही यश नाही काय? आहे, आणि त्याची वाच्यता फार कमी झाली आहे. मेहसाणा जिल्ह्यातील बालोल आणि संथाल या क्षेत्रांतले तेल थंडीत गोठलेल्या काकवीसारखे घट्ट. पंपाने त्याचा थोडकाच अंश वर येई. ओएनजीसीच्या अभियंत्यांनी १९९० मध्ये बालोलला एक प्रयोग केला. विहिरीतून दाबाने हवा सोडून जमिनीखालच्या तेलाचा एक भाग तेथेच पेटवला. त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ होऊन शेजारच्या विहिरींकडे सरकू लागले. १९९७ पासून ही रीत दोन्ही क्षेत्रांत व्यापारी तत्त्वावर वापरली गेली. हवा दाबणारी प्रचंड यंत्रे तेथे अखंड चालवावी लागतात आणि भूगर्भातील आग ताब्यात ठेवणे हे खेळ नव्हे. तरीही घाण्याची कसोटी येथे उतरते. तेल कुठे आहे हे आधीच ठाऊक होते, विहिरी व नळ तयार होते, इंधन म्हणून त्याच तेलाचा एक अंश खर्ची पडतो आणि तडे पाडण्यासाठी लागते तसे कोट्यवधी लिटर पाणी लागत नाही.

पिकापासून होणाऱ्या तेलाचाही विचार केला पाहिजे. काकरापार आणि उकाईच्या पाण्यावर बारडोली परिसरात ऊस आला, सहकारी साखर कारखाने आले. आता मळीपासून व धान्यापासून इथेनॉल करून ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०१३-१४ मध्ये हे मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोहोचले. ही निश्चितच मोठी मजल होय, आणि ऊस उत्पादकाला तिचा आधारही झाला. परंतु थोडे गणित करावे. देशात वर्षाला सुमारे चार कोटी टन पेट्रोल लागते. त्याचा पाचवा हिस्सा ऐंशी लाख टन. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणून प्रत्यक्षात वाचते ते पन्नास-पंचावन्न लाख टन पेट्रोल. चोवीस कोटी टन आयातीपुढे हे दोन टक्क्यांच्या आसपास भरते. डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे आणि त्याला इथेनॉल चालत नाही. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारलाच बंधन घालावे लागले. आकाशाकडे डोळे लावून बसणे हेही एक परावलंबनच आहे.

कवासच्या वसाहतीत जानेवारी २०२३ मध्ये सौर विजेपासून केलेला हायड्रोजन घरगुती गॅसच्या नळात मिसळण्यास सुरुवात झाली, तो देशातील पहिला प्रयोग. आकारमानाने पाच टक्के हायड्रोजन म्हणजे ऊर्जेने दीड टक्क्याच्या जवळपास. आरंभ म्हणून तो स्वागतार्ह आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळाशी असलेल्या मिथेन हायड्रेटचा साठा प्रचंड आहे. परंतु तो व्यापारी रीतीने काढणे जगात अद्याप कोणालाही साधलेले नाही.

या साऱ्या विवेचनाचे तात्पर्य काय? अपारंपरिक तेल भारताला परावलंबनातून सोडवील, ही आशा बाळगणे चुकीचे ठरेल. परंतु ते निरुपयोगी आहे, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा. सर्वांत भरवशाचे अपारंपरिक तेल नव्या शेलमध्ये शोधण्यापेक्षा जुन्या क्षेत्रांत शोधावे. एखाद्या तेलक्षेत्रात सापडलेल्या तेलाचा मोठा भाग साध्या उपायांनी बाहेर येत नाही, तो खडकातच राहतो. वाफ, उष्णता, पॉलिमर, कार्बन डायॉक्साइड यांच्या साहाय्याने त्यातील थोडा अधिक हिस्सा जरी काढता आला, तरी नव्या क्षेत्राइतका लाभ होतो. बालोलने हा मार्ग दाखवला आहे. त्याच्या जोडीला अडीअडचणीचा साठा हवा. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत गुहांची एकूण क्षमता ५३ लाख टनांची, म्हणजे देशाच्या सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेएवढी आहे. वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या गृहिणीला हा साठा तुटपुंजाच वाटेल.

आणि शेवटी राहते ती काटकसर. जे तेल जाळले जात नाही, ते आयात करावे लागत नाही, त्याला पाणी लागत नाही आणि भाव पडला म्हणून ते तोट्यात जात नाही. मालाची वाहतूक ट्रकऐवजी रेल्वेने व्हावी, शहरात विजेच्या बसगाड्या चालाव्यात, पॉलिएस्टरचा टाकाऊ धागा पुन्हा धागा व्हावा, हे सारे उपाय अपारंपरिक तेलाहून स्वस्त आहेत. मात्र त्यांना कोणी 'वसुधारा' असे नाव देत नाही.

वस्तानच्या कोळशाला आणि अंकलेश्वरच्या तेलाला पाच कोटी वर्षे लागली. १९६० च्या वसुधारेपासून आजपर्यंत पुरती सत्तर वर्षेही झालेली नाहीत, आणि तेवढ्यात त्या ठेवीचा सहज मिळणारा भाग खर्ची पडला. या ग्रंथालयाच्या संस्थापकांनी कंदिलाच्या उजेडात, पदरमोड करून, पुस्तके जमवली ती केवळ स्वतः वाचण्यासाठी नव्हे. पुढच्या पिढीसाठी शेल्फावर काही शिल्लक राहावे, हा त्यांचा हेतू होता. देशाने आपल्या भूमीतील उरलेल्या तेलाकडे त्याच दृष्टीने पाहावे, एवढीच अपेक्षा या शताब्दीच्या निमित्ताने व्यक्त करणे उचित ठरेल.